मोटरसायकलचं ऑइल आणि फिल्टर घरी बदलताना

मोटरसायकलची देखभाल घरी शिकायची असेल तर सुरुवात ऑइल बदलण्यापासून करावी. इंजिन खोलावं लागत नाही, हत्यारं मोजकीच लागतात आणि पहिल्या वेळी तास-दीड तास गेला तरी पुढे हेच काम निवांतपणे अर्ध्या तासात उरकतं. पैसे वाचतात हे खरं, पण मला हे काम स्वतः करणं आवडतं ते वेगळ्याच कारणासाठी. वर्कशॉपमध्ये जुनं ऑइल ट्रेमध्ये पडतं आणि तिथून पिंपात जातं. त्याचा रंग कसा होता, त्यात धातूचा चुरा होता का, पाणी मिसळलं होतं का, हे गाडीच्या मालकाला कधीच कळत नाही. घरी काढलेलं ऑइल आपण स्वतः बघतो, आणि न खोलता इंजिनाची तब्येत कळण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

इथे सांगितलेलं सगळं फोर-स्ट्रोक, गिअरच्या मोटरसायकलबद्दल आहे. गाडी वॉरंटीत असेल तर घरी हात घालण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी वाचून घ्या.

ऑइल कोणतं आणि किती

पहिल्यांदा गाडीचं मॅन्युअल काढा. हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मिळतं. त्यातल्या तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्या: ऑइलचा ग्रेड, ऑइल किती लागतं आणि ड्रेन बोल्ट (इंजिनाच्या तळाचा, ऑइल काढायचा बोल्ट) किती टॉर्कला, म्हणजे किती जोराने, आवळायचा. ऑइलच्या मापात नवखा माणूस हमखास गोंधळतो, कारण तिथे बहुधा एकाहून जास्त आकडे असतात. नुसतं ऑइल बदललं तर एक, फिल्टरसकट बदललं तर त्याहून थोडा जास्त, आणि इंजिन पूर्ण खोलून जोडलं तर सगळ्यात मोठा. खोललेलं इंजिन आतून कोरडं असतं म्हणून तो शेवटचा आकडा मोठा. आपलं इंजिन तसं कोरडं कधीच होत नाही, सगळं ऑइल गळलं असं वाटलं तरी कोपऱ्याकोपऱ्यांत थोडं राहतंच. त्यामुळे आपल्या कामाचा आकडा फिल्टरसकट ऑइल बदलण्याचा, आणि फिल्टर बदलणार नसाल तर नुसतं ऑइल बदलण्याचा. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना साधारण एक लिटरच्या आसपास ऑइल लागतं, मोठ्या इंजिनांना दोन लिटर किंवा त्याहून जास्त. डब्यावरच्या मापावर विसंबू नका. डबा एक लिटरचा असतो आणि गाडीला ०.८ लिटरच पुरतं, असं अनेकदा होतं.

ग्रेड म्हणजे डब्यावर छापलेले १०डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० असे आकडे. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या वाहतेपणाचा: तो जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं आणि गार इंजिन सुरू केल्यावर लवकर वरपर्यंत पोचतं. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइलात किती घट्टपणा उरतो ते सांगतो. 'जितकं घट्ट ऑइल तितकं इंजिन सुरक्षित' हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. १०डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतलं तर पंपाला ते ढकलायला जोर लागतो आणि सकाळी गार इंजिनात वरच्या कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) ते उशिरा पोचतं. इंजिनाची बरीचशी झीज याच सुरुवातीच्या क्षणांत होते. कंपनीने दिलेला ग्रेडच घ्यावा. मॅन्युअलमध्ये हवामानानुसार तक्ता असेल तर आपल्याकडचं तापमान बघून त्यातून निवडावा.

ग्रेड जुळला म्हणजे झालं, असंही नाही. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलंय का ते बघा. मोटरसायकलच्या बहुतेक इंजिनांत एकच ऑइल इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच या तिघांना पुरतं. क्लचच्या प्लेटा ऑइलात भिजलेल्या असतात आणि तरीही त्यांनी एकमेकींना घट्ट धरून ठेवायचं असतं. कारच्या बऱ्याच ऑइलांत इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. कारच्या इंजिन ऑइलात क्लच नसल्यामुळे तिथे ती चालतात. मोटरसायकलमध्ये मात्र त्यामुळे क्लच घसरू लागतो: रेस दिली की इंजिनाचा आवाज चढतो, गाडी त्या मानाने पळत नाही. म्हणून जासो या जपानी मानक संस्थेने मोटरसायकलच्या ऑइलाची वेगळी प्रतवारी केली. २००६ मध्ये एमए प्रतीचे एमए१ आणि एमए२ असे दोन गट पाडले गेले. एमए२ मध्ये क्लचला पकड जास्त मिळते. एमबी हे कमी घर्षणाचं ऑइल आहे, ते गिअर नसलेल्या, कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी. ते स्वस्त मिळालं म्हणून मोटरसायकलमध्ये घालू नका. तसंच 'घर्षण कमी करतं, मायलेज वाढवतं' म्हणून विकल्या जाणाऱ्या अॅडिटिव्हच्या बाटल्याही ओल्या क्लचच्या गाडीपासून लांब ठेवा.

मिनरल, सेमी-सिंथेटिक की फुल सिंथेटिक, यावर कितीही वाद घालता येतो. सिंथेटिक ऑइल उष्णतेत जास्त टिकतं, थंडीत चांगलं वाहतं, आणि कंपनीने तेच सांगितलं असेल तर तेच घ्यावं. पण माझं स्पष्ट मत असं की वेळेवर बदललेलं साधं, योग्य ग्रेडचं ऑइल हे महागडं ऑइल दुप्पट अंतर ताणण्यापेक्षा कधीही बरं. डबा घेताना सील शाबूत आहे का तेवढं नीट बघा.

बदलायचं कधी

नव्या गाडीचं पहिलं ऑइल लवकर, बहुधा ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान बदलायचं असतं. नवे भाग एकमेकांवर घासून बसत असतात आणि तो बारीक चुरा ऑइलात उतरतो. पुढे गाडीप्रमाणे साधारण ३००० ते ६००० किलोमीटर, नेमका आकडा मॅन्युअलमधला. गाडी फारशी चालत नसली तरी वर्षातून एकदा बदलावंच.

मोटरसायकलच्या ऑइलाची दमछाक कारपेक्षा लवकर होते. गरम झाल्यावरही घट्टपणा टिकावा म्हणून ऑइलात लांब साखळीचे पॉलिमर घातलेले असतात आणि गिअरबॉक्सचे दाते ते पॉलिमर कातरत राहतात. त्यामुळे ऑइल हळूहळू पातळ होत जातं. गिअर पूर्वीसारखा अलगद पडत नाही, न्यूट्रल सापडायला त्रास होतो, इंजिन जरा खडखडतं, ही बरेचदा त्याचीच लक्षणं. रोज दोन-तीन किलोमीटरच जाणाऱ्या गाडीचं ऑइल तर आणखी लवकर खराब होतं, कारण ते कधी नीट तापतच नाही. पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल त्यात साठत जातं. अशी गाडी असेल तर दिलेल्या मुदतीच्या थोडं आधीच ऑइल बदला.

नुसता काळा रंग बघून मात्र घाबरू नका. ज्वलनातली काजळी पोटात धरून ठेवणं हे ऑइलाचं कामच आहे, त्यामुळे चांगलं ऑइलही थोड्याच दिवसांत काळवंडतं.

आपल्या गाडीचा फिल्टर कोणता

नवा फिल्टर आणण्यापूर्वी हे माहीत हवं. काही गाड्यांना बाहेरून दिसणारा, डब्यासारखा, फिरवून बसवायचा स्पिन-ऑन फिल्टर असतो. काहींत इंजिनाच्या बाजूला दोन-तीन छोट्या बोल्टांचं गोल झाकण असतं आणि त्यामागे कागदी घड्यांचा फिल्टर बसतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांत कागदी फिल्टरच नसतो. त्यांत तारेची एक जाळी असते, जी काढून धुवायची आणि परत लावायची, आणि उजव्या कव्हरच्या आत एक गरगर फिरणारा फिल्टर असतो, जो गाळ कडेला फेकून साठवतो. तो साफ करायला कव्हर उतरवावं लागतं. ते काम दर ऑइल बदलीला नसतं, आणि पहिल्याच प्रयत्नात त्याच्या वाटेला जाऊ नये.

कागदी फिल्टर दर वेळी बदलावा की एकाआड एक, हे मॅन्युअल सांगतं. दर वेळी बदलला तर नुकसान काहीच नाही. फिल्टर तुंबला तरी ऑइल अडत नाही, कारण बहुतेक यंत्रणांत एक बायपास व्हॉल्व्ह असतो आणि तो ऑइलाला न गाळता पुढे सोडतो. म्हणजे गाडी चालू राहते, आपल्याला काही कळत नाही आणि गाळ बेअरिंगपर्यंत जात राहतो.

जमवाजमव

नवं ऑइल, फिल्टर, ड्रेन बोल्टचं नवं वायसर आणि फिल्टरच्या झाकणाची नवी ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी. शेवटच्या दोन वस्तू किरकोळ वाटतात म्हणून लोक आणत नाहीत आणि मग आठवडाभर जमिनीवरचे थेंब पुसत बसतात. ड्रेन बोल्टचं वायसर तांब्याचं किंवा अॅल्युमिनियमचं असतं. आवळताना ते किंचित चेपलं जातं आणि त्या चेपण्यानेच फट बंद होते. एकदा चेपलेलं पुन्हा तितकं चेपत नाही, आणि मग गळती थांबवायला माणूस बोल्ट आणखी आवळतो. इंजिनाचे आटे जायला सुरुवात तिथूनच होते.

हत्यारांत बोल्टच्या मापाचा रिंग पाना किंवा सहा कोनी सॉकेट घ्या. उघड्या तोंडाचा पाना आणि स्क्रू पाना टाळा, ते बोल्टचे कोन गोल करतात. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरालाच आवळता येणारा पाना) मिळाला तर उत्तमच. याशिवाय दोन-तीन लिटर मावेल असं पसरट भांडं, नरसाळं, माप असलेला जग, जुनी फडकी, वर्तमानपत्रं आणि रबरी हातमोजे. वापरलेलं ऑइल वारंवार कातडीला लागणं आरोग्याला घातक असतं, त्यातल्या काही घटकांमुळे कर्करोगाचा धोका संभवतो. तेव्हा हातमोजे घालाच.

जुनं ऑइल काढणं

गाडी सपाट जागी, मोकळ्या हवेत लावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि जीव घेतो. सेंटर स्टँड किंवा मागचा पॅडॉक स्टँड असेल तर गाडी त्यावर घ्या. फक्त साइड स्टँड असेल तर गाडी कलंडणार नाही याची खात्री करा, आणि ऑइल गळत आलं की कुणाला तरी ती थोडा वेळ सरळ धरायला सांगा.

आता इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा. कोमट ऑइल पातळ होतं, लवकर उतरतं आणि खाली बसलेला गाळ सोबत घेऊन येतं. लांबची चक्कर मारून आल्या आल्या मात्र बोल्ट उघडू नका. तेव्हा ऑइल हात भाजण्याइतकं गरम असतं आणि शेजारचा सायलेन्सर तर त्याहून जास्त. इंजिनाच्या खालच्या भागाला हात लावता आला पाहिजे, इतपतच ऊब हवी.

बोल्ट उघडण्याआधी दोन कामं करा. एक, वरचं ऑइल भरायचं टोपण उघडून बघा. ते जाम झालेलं असेल तर आत्ताच कळू दे, इंजिन रिकामं झाल्यावर कळून उपयोग नाही. ते उघडं ठेवलं की आत हवा जाते आणि खालची धार नीट पडते. दोन, ड्रेन बोल्टच्या भोवतालची माती-चिखल पुसून काढा, नाहीतर तीच वाळू आट्यांत जाते. हा बोल्ट नेमका कोणता, ते मॅन्युअलमधल्या चित्रावरून पक्कं करा. इंजिनाच्या खाली दिसणारा प्रत्येक बोल्ट ऑइल काढण्यासाठी नसतो. काही गाड्यांत तिथे मोठं टोपण असतं, आणि त्यामागे स्प्रिंग आणि जाळी. असं टोपण असेल तर शेवटचे आटे सोडताना ते तळहाताने दाबून धरा, कारण स्प्रिंग ते बाहेर ढकलते. जाळी कशी बसली होती याचा फोटो काढून ठेवा.

भांडं खाली सरकवा. ऑइल सुरुवातीला सरळ खाली पडत नाही, ते तिरपं लांब उडतं, म्हणून भांडं थोडं पुढे असू द्या. पाना लावा. गाडीखाली वाकून, उलट्या बाजूने काम करताना बोल्ट कुठल्या दिशेला सुटतो याचा गोंधळ भल्याभल्यांचा होतो. बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून बघतोय अशी कल्पना करा, त्या बाजूने घड्याळाच्या उलट दिशेला तो सुटतो. जोर लावायच्या आधी हे दोनदा तपासा. सुरुवातीचा एक झटका पान्याने, मग हाताने. सोडताना बोल्ट इंजिनाकडे दाबून धरत फिरवा आणि शेवटी झटकन बाजूला घ्या. असं केलं की तो ऑइलात पडत नाही आणि मनगटावरही ओघळ येत नाही. पडलाच तर पडू दे. गरम ऑइलात हात घालून शोधायची घाई नको.

मग दहा-पंधरा मिनिटं काहीही करू नका. धार बारीक होते, मग थेंब पडतात, मग थेंबांमधलं अंतर वाढत जातं. गाडीला किक असेल तर चावी बंद ठेवून तीन-चार किक हळू मारल्या तरी अडकलेलं थोडं ऑइल खाली येतं. बटन-स्टार्टने कोरडं इंजिन फिरवू नका.

भांड्यात काय दिसतं

या दहा-पंधरा मिनिटांत बोल्ट फडक्यावर ठेवून नीट बघा. बऱ्याच बोल्टांच्या टोकाला चुंबक असतं. त्यावर राखाडी रंगाची, बोटांत चोळली तर खरखरीत लागणार नाही अशी मऊ पेस्ट असेल तर ती रोजची झीज. गिअर आणि क्लच चालले की ती निघतेच, आणि नव्या गाडीत जास्त निघते. ती पुसून टाका. नखाने उचलता येईल असे धातूचे कण, चकत्या किंवा अणकुचीदार तुकडे असतील तर मात्र थांबा. ते तुकडे एका डबीत जपून ठेवा आणि जाणत्या मेकॅनिकला दाखवा. कुठल्या धातूचा तुकडा आहे यावरून आतलं काय झिजतंय याचा त्याला अंदाज येतो. लोखंड चुंबकाला चिकटतं, अॅल्युमिनियम आणि पितळ चिकटत नाही. क्लचच्या अस्तराचे काळे-तपकिरी धागे दिसत असतील तर क्लच प्लेटांचं आयुष्य संपत आलंय.

ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखं फिकट, फेसाळ दिसत असेल तर त्यात पाणी आहे. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात ते कूलंट असू शकतं, आणि तसं असेल तर गाडी चालवू नये. हवेवर थंड होणाऱ्या, थोडं थोडंच चालणाऱ्या गाडीत वरच्या टोपणाच्या आत जरासा पिवळट साय असणं म्हणजे फक्त साठलेली वाफ. लांबची एक फेरी झाली की ती जाते. ऑइलाला पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि पातळी भरल्यापेक्षा जास्त झाली असेल तर इंधन आत झिरपतंय. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत अडकलेला फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) हे त्याचं नेहमीचं कारण.

किती ऑइल निघालं तेही मापाच्या जगात ओतून मोजा. भरलं होतं एक लिटर आणि निघालं पाऊण, बाहेर कुठे गळती नाही, तर पाव लिटर जळालं. पुढच्या वेळी तुलना करायला हा आकडा लिहून ठेवा.

फिल्टर

स्पिन-ऑन फिल्टर काढताना खाली फडकं धरा, त्यातही ऑइल असतं. निघाल्यावर त्याची रबरी रिंग त्याच्यासोबत आलीय ना ते बघा. जुनी रिंग इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला, तर इंजिन सुरू होताच दोन रिंगांच्या मधून ऑइल जोरात बाहेर येतं. नव्या फिल्टरच्या रिंगला बोटाने नवं ऑइल लावा, हाताने फिरवत टेकवा आणि टेकल्यापासून पुढे फिल्टरवर छापलं असेल तितकाच फिरवा. बहुधा तो अर्धा ते पाऊण फेरा असतो आणि हातानेच होतो. फिल्टरचा पाना काढण्यासाठी वापरा, आवळण्यासाठी नको.

झाकणामागच्या कागदी फिल्टरमध्ये सगळं महत्त्व दिशेला आहे. झाकण उघडल्यावर काहीही ओढून काढण्यापूर्वी फोटो घ्या: स्प्रिंग कुठे आहे, फिल्टरची कुठली बाजू बाहेर आहे. दोन्ही बाजू सारख्या दिसतात पण नसतात. बऱ्याच फिल्टरांवर बाहेरची बाजू कोणती ते छापलेलं असतं. उलटा बसला तर ऑइलाची वाट अडते, वरच्या भागाला ऑइल मिळत नाही आणि इंजिनाचं मोठं नुकसान होतं. या सगळ्या कामात खऱ्या अर्थाने महाग पडणारी चूक हीच, म्हणून झाकण लावण्यापूर्वी फोटोशी पुन्हा ताडून बघा. आतली पोकळी धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, नव्या ओ-रिंगला ऑइल लावून ती खाचेत बसवा, झाकण सरळ दाबा. त्याचे बोल्ट छोटे असतात, सहा मिलिमीटरचे, आणि ते दहा-बारा न्यूटन-मीटरच्या आसपासच आवळायचे असतात. आळीपाळीने, थोडं थोडं.

ड्रेन बोल्ट परत लावताना

इंजिनाचं खालचं अंग अॅल्युमिनियमचं आणि बोल्ट पोलादाचा. जास्त आवळलं तर झिजणार इंजिनाचे आटे, बोल्टचे नाहीत. म्हणून सुरुवात नेहमी बोटांनी. नवं वायसर घालून बोल्ट बोटांनीच आत जाऊ द्या, निदान चार-पाच फेरे सहज गेले पाहिजेत. अडला तर पान्याने रेटू नका. उलटा फिरवा, पहिला आटा सापडून तो बारीक 'टक्' करून खाली बसल्याचं बोटांना जाणवतं, तिथून पुन्हा सुरू करा.

टॉर्क रेंच असेल तर मॅन्युअलचा आकडा लावा. बऱ्याच मोटरसायकलींत तो २० ते ३० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. नसेल तर पाना शेवटच्या टोकाला न धरता डोक्याजवळ धरा, म्हणजे हाताचा जोर आपोआप कमी लागतो. बोल्ट टेकला की प्रतिकार एकदम वाढतो, मग वायसर चेपताना थोडं मऊ फिरतं आणि पुन्हा घट्ट लागतं. तिथे थांबा. 'अजून थोडं, सुटायला नको' म्हणून मारलेला तो शेवटचा हिसका आटे घेऊन जातो, आणि मग नवे आटे पाडून इन्सर्ट (आतून आटे असलेली धातूची कडी) बसवायचा खर्च येतो.

भरणं आणि पातळी

लागणाऱ्या मापापेक्षा शंभर-दोनशे मिली कमी ऑइल जगात मोजून घ्या आणि नरसाळ्याने सावकाश ओता. वरून घालणं सोपं, जास्त झालेलं काढणं कटकटीचं. टोपण लावून इंजिन सुरू करा आणि मिनिट-दोन मिनिटं आयडलवरच ठेवा, रेस देऊ नका. नवा फिल्टर रिकामा असतो, तो भरेपर्यंत वरच्या भागांना पुरतं ऑइल नसतं. ऑइलचा दिवा असलेल्या गाडीत तो काही सेकंदांत विझायला हवा. नाही विझला तर लगेच इंजिन बंद करून कारण शोधा. याच वेळी खाली वाकून बोल्ट आणि फिल्टरभोवती ओल दिसते का बघा.

इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, म्हणजे ऑइल खाली उतरेल. गाडी पूर्ण सरळ उभी करा. साइड स्टँडवर घेतलेली पातळी खोटी असते. काचेची खिडकी असेल तर ऑइल दोन रेघांच्या मध्ये दिसलं पाहिजे. डिपस्टिक असेल तर ती पुसून परत घाला, पण आट्यांवर नुसती टेकवायची की पूर्ण फिरवायची, हे गाडीगाडीप्रमाणे बदलतं आणि त्याने पातळीत चांगलाच फरक पडतो. मॅन्युअल बघा. फिल्टरने ऑइल ओढल्यामुळे पातळी पहिल्यापेक्षा खाली दिसेल. उरलेलं ऑइल थोडं थोडं घालत वरच्या खुणेच्या जरा खाली आणून ठेवा.

'थोडं जास्त असलेलं बरं' असं इथे चालत नाही. जास्त ऑइल फिरत्या क्रँकने घुसळलं जातं, फेसाळतं, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि सीलांवर दाब टाकतं. वरच्या खुणेच्या पुढे गेलंच तर काढून टाका. मोठी सिरिंज आणि पातळ नळी असेल तर वरच्या भोकातूनच निघतं.

शेवटी मागचं टायर तपासा. ड्रेन बोल्ट त्याच्या अगदी समोर असतो आणि टायरवर पडलेलं ऑइल पहिल्याच वळणावर गाडी घसरवतं. डाग दिसला तर साबणाच्या पाण्याने घासून धुवा आणि कोरडं करा. ब्रेकच्या डिस्कवर थेंब उडाला असेल तर तो ब्रेक क्लीनरने पुसा.

जुनं ऑइल

नवं ऑइल ज्या डब्यातून आलं, त्याच डब्यात जुनं नरसाळ्याने भरा, वर 'जुनं ऑइल' असं ठळक लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. गटारात, मातीत किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. त्यात जड धातू असतात आणि ते जमिनीतून पाण्यात उतरतात. बरीच वर्कशॉप्स वापरलेलं ऑइल पिंपात साठवतात आणि ते पुनर्प्रक्रियेसाठी जातं, त्यांना विचारून तिथे नेऊन द्या. फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळा आणि ऑइलासोबतच द्या. ऑइलात पेट्रोल, थिनर किंवा कूलंट मिसळू नका, मिसळलेलं ऑइल पुन्हा शुद्ध करता येत नाही.

एका वहीत तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड, किती घातलं आणि किती निघालं होतं ते लिहा. मग दहा-वीस किलोमीटरची एक साधी फेरी मारून या, गाडी थोडा वेळ उभी राहू द्या, पातळी पुन्हा बघा आणि ड्रेन बोल्टखालून कोरडं फडकं फिरवा. फडकं कोरडं निघालं तर काम पूर्ण झालं. ओलं निघालं तर बोल्ट आणखी आवळण्याआधी वायसर नवंच घातलं होतं ना, आणि त्याखाली माती अडकली नाही ना, ते तपासा.